रिन्यूअलच्या टेबलावरचा फोन

विमानातून उडी मारून जमिनीवर यायला लागतात पाच-सहा मिनिटं. वारा पडायची वाट बघायला लागतो अख्खा दिवस! त्यामुळे आमच्या क्लबात उड्या कमी आणि किस्से जास्त साठतात. पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर सगळे बसलेले, बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी आडवी फडफडतेय, आणि एकजण सुरू करतो, "अरे, मागच्या वेळी काय झालं..."

आमचं मैदान कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या अलीकडे. एका शुगर फॅक्टरीच्या चेअरमनसाठी कोणे एके काळी धावपट्टी बांधली होती. चेअरमन गेले, फॅक्टरी गेली, पट्टी राहिली. तिथे दर रविवारी आमचं छोटं विमान उडतं. पायलट सोडून चार जण बसतात, तेही एकमेकांच्या मांडीत.

मी प्रमोद. नगरला एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर नट-बोल्ट मोजायचे आणि रात्री झोपेत दचकून उठायचं, की एखादा मोजायचा राहिला तर नाही? असा भित्रा माणूस पॅराशूटच्या नादाला कसा लागला, हे मला अजून कळलेलं नाही. अक्षर बरं आहे म्हणून क्लबाने मला रिन्यूअलच्या टेबलावर बसवलं. पंचवीस उड्या झाल्या की 'ए' लायसन्स मिळतं, मग इन्स्ट्रक्टरशिवाय उडता येतं. पण त्यासाठी मेंबरशिप चालू लागते, आणि ती दर मार्चअखेर संपते. संपली की नव्या माणसाचं ट्रेनिंग पुन्हा पहिल्या धड्यापासून!

माझ्या चोवीस उड्या झाल्या होत्या. मार्चचा एकच रविवार उरला होता. आणि घरी अण्णांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

* * *

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, एकही अपघात न करता रिटायर झाले. मी बुलेट घ्यायची गोष्ट काढली तर सहा महिने माझ्याशी बोलले नव्हते. त्यांना पॅराशूटचं काय सांगणार? "रविवारी कंपनीत ओव्हरटाइम असतो" एवढंच सांगून नगरच्या घरातून निघायचो. फॉर्मवर 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यात मित्राचं नाव लिहिलं होतं. वर्षभर ते चाललं. मग श्रीरामपूरच्या दातांच्या डॉक्टरांचा पाय मुरगळला.

डॉक्टर आमच्याकडे नवीनच. उतरताना पाय चुकीचा पडला आणि घोटा सुजला. ऑफिस सांभाळणाऱ्या शबाना मॅडमनी फॉर्म काढला. नंबर होता डॉक्टरांच्याच कंपाउंडरचा. घरी बायकोला कळू नये म्हणून!

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांच्या संदर्भात बोलतेय. पाय मुरगळलाय, चालता येत नाही. कोणी येईल का?"

कंपाउंडर शांतपणे म्हणाला, "बाई, हितं फक्त दातांचं बघत्यात!" आणि त्याने फोन ठेवला.

पुन्हा लावला तर म्हणे, "सायेब आज गावाला गेलेत. उद्या या."

आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर सुभेदारसाहेब, पॅराट्रूपर म्हणून फौजेतून निवृत्त झालेले. ते एरवी हसतात सगळ्यावर, या किस्स्यावर हसले नाहीत. दुसऱ्याच रविवारी नियम निघाला: रकान्यात घरचंच माणूस हवं. रिन्यूअलच्या वेळी मॅडम त्याला सगळ्यांसमोर फोन लावणार, स्पीकरवर, आणि विचारणार, की तुम्हाला हे माहिती आहे का? माहिती नसेल तर फॉर्म लाल फायलीत, आणि ते माणूस स्वतः मैदानावर येऊन सही करेपर्यंत उडी बंद.

मी माझा फॉर्म गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

* * *

पहिले फोन फार वाईट गेले. मॅडमनी "मी पॅराशूट क्लबमधून बोलतेय" म्हणायचा अवकाश, पलीकडे रडारड! एका आईने तर पुढचं ऐकायच्या आधी शेजारणीला हाक मारली. मग सुभेदारसाहेबांनी फर्मान काढलं, की फोन उचलला रे उचलला की पहिला शब्द 'सुखरूप'.

त्यानंतरचा फोन पुणतांब्याला. अश्विनी नावाची शाळेत शिकवणारी मुलगी, लग्नाला वर्ष झालेलं. रकान्यात तिने धाडसाने सासूबाईंचं नाव लिहिलं होतं.

फोन उचलला गेला. मॅडम घाईने म्हणाल्या, "सुखरूप आहे!"

"कोन सुखरूप?"

"तुमच्या सूनबाई, अश्विनी. सुखरूप आहेत. काहीही झालेलं नाही."

सासूबाई कडाडल्या, "आमच्याकडं सगळे सुखरूपच हुते, बाई, तुमी फोन करेपर्यंत! आता माझं काळीज बसत न्हाई जागेवर!"

"तुम्हाला माहिती आहे ना, त्या उडी मारतात ते?"

"म्हाईत हाय की. तिनं लग्नाआधीच सांगितलंय. उडीची भीती न्हाई मला. भीती तुमच्या फोनाची हाय!"

मॅडमनी 'माहिती आहे' समोर टिक केली.

* * *

रिन्यूअलला दुसरी एक परीक्षा असते. कडुलिंबाच्या फांदीला पट्ट्यांनी लटकवतात आणि अचानक कोणीतरी ओरडतं, "उघडलं नाही!" मग क्षणात उजवा हात उजव्या बाजूच्या दांडीवर, ओढायचं, बिघडलेली छत्री सोडून द्यायची. लगेच डावा हात डाव्या दांडीवर, ओढायचं, राखीव छत्री उघडायची. विचार करत बसलात तर नापास.

भंडारदऱ्याचा गोरख ट्रेकिंगचा गाइड आहे. पाहुण्यांच्या बॅगा पाठीवर घेऊन डोंगर चढतो, त्याला धापही लागत नाही. पण या परीक्षेचं नाव काढलं की घाम! पंधरा दिवस तो चालता-बोलता, जेवताना, झोपताना हात मारत होता. उजवा, डावा. उजवा, डावा.

परीक्षेच्या दिवशी एसटीने येत होता. संगमनेरच्या पुढे समोर म्हैस आली आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. गोरखचा उजवा हात गेला तो शेजारच्या आजीबाईंच्या पिशवीच्या बंदावर. ओढला! बंद तुटला, पेरू गाडीभर. डावा हात गेला खिडकीच्या पडद्यावर. ओढला! पडदा हातात. आणि वर हा पठ्ठ्या समाधानाने मोठ्यांदा म्हणाला, "उघडलं!"

आजीबाईंनी त्याच्याकडून एकूण एक पेरू वेचून घेतला. आमच्याकडे पोहोचला तेव्हा रडवेला झाला होता. म्हणाला, "साहेब, आज मला परीक्षा देववणार नाही." आणि झालेलं सगळं सांगितलं.

सुभेदारसाहेबांनी नीट ऐकून घेतलं. "दोन्ही हात बरोबर क्रमाने गेले?"

"हो साहेब."

"म्हैस दिसल्यापासून किती वेळात?"

"लगेच, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले, "पास. रिन्यू करा."

* * *

आता माझ्या चुकीचा किस्सा.

रफिकभाई, मिरजगावात टायरचं दुकान. लायसन्स नवं कोरं. ते लॅमिनेट करून अंगातल्या सूटच्या खिशात घेऊनच उडायचे. एका रविवारी वाऱ्याने त्यांना पार दोन किलोमीटरवर हरभऱ्याच्या रानात नेऊन सोडलं. माणसं जमली, पोलीस पाटील आले. रफिकभाईंनी ऐटीत लायसन्स काढून दिलं.

पाटलांनी पुढून बघितलं, मागून बघितलं. मग म्हणाले, "हे तर परवाच संपलंय की हो!"

खरंच! त्यांनी मार्चअखेरपर्यंतची न घेता तीनच महिन्यांची मेंबरशिप घेतली होती. ती शुक्रवारी संपली, आणि तिच्याबरोबर लायसन्सही; कार्डामागे तारीख छापलेली होती. 

"मग तुमी आज वर कशाच्या जोरावर हुता?" पाटलांनी विचारलं.

रफिकभाई नंतर सांगायचे, "विमानातून पडलो तेव्हा काही वाटलं नाही. पाटलांनी हे विचारलं आणि मी मटकन खाली बसलो!"

शेडमध्ये सगळे पोट धरून हसले. मी नाही हसलो. कारण सकाळी टेबलावर ते कार्ड तपासलं होतं मी. लॉगबुकातली, म्हणजे उड्यांच्या नोंदवहीतली, तारीख बघितली आणि कार्ड उलटून बघायचं राहिलं. सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही.

"प्रमोद, तुमच्या कंपनीत चुकून गेलेला नट परत मागवता येतो ना?"

"हो साहेब."

"इथे येतो का?"

त्या दिवसापासून मी प्रत्येक कार्ड तीनदा उलटतो. लोक हसतात. हसू देत.

* * *

एक किस्सा मी शेडमध्ये कधीच सांगितला नव्हता. पंधरा उड्या झाल्या होत्या. चौघे वर गेलो. दार उघडलं, वारा आत घुसला, पहिले दोघे गेले. माझी पाळी आली आणि पाय हलेनात. खाली हायवेवरून एक लाल एसटी चालली होती, काडेपेटीएवढी. मला अण्णा आठवले. मी मान हलवली, नाही.

सुभेदारसाहेबांनी काहीही न विचारता दार लावलं आणि माझ्या शेजारी बसून विमानातूनच खाली आले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "खाली आलास ना? झालं तर मग."

लाजेने मी मान वर करत नव्हतो. लॉगबुकात फक्त उड्या लिहितात. न मारलेल्या उडीला रकाना नाही, त्यामुळे ती गोष्ट तिथेच बुजली असं मी समजत होतो.

* * *

मग आला मार्चचा शेवटचा रविवार. सकाळी वारा पडलेला होता. पंचविसावी उडी झाली! छत्री गुंडाळून टेबलाशी आलो तर मॅडमनी माझाच फॉर्म पुढे ओढला. मित्राचं नाव खोडलेलं. तिथे मीच आदल्या रात्री लिहिलेलं अण्णांचं नाव आणि नंबर. लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं होतं.

आज लाल फायलीत गेलो तर लायसन्स गेलं आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. अण्णा बोलायचे थांबले तर ते मिटवायला सही करायची फायलही नाही.

"मॅडम, दोन मिनिटं..."

मॅडमनी फोन लावला. एकाच रिंगमध्ये उचलला.

"सुखरूप आहे!" मॅडम म्हणाल्या.

"म्हाईत हाय," अण्णांचा आवाज. "आत्ताच उतरला की. निळ्या छत्रीत. टेकताना डावा पाय जरा मुडपला त्याचा. बघा म्हनावं."

मॅडमनी आधी माझ्या डाव्या पायाकडे बघितलं, मग फोनकडे.

"तुम्ही कुठून बोलताय, काका?"

"गेटाभायेर, चाच्या टपरीवर. दर रविवारी असतो. रिटायर स्टाफचा पास हाय माझ्याकडं, त्याच्या मागच्या गाडीनं येतो."

मी पुढे झालो. "अण्णा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पायमोजे मी धुतो. कंपनीत कुसळं लागत्यात व्हय रं पायमोज्याला?"

मी खाली वाकून पायमोज्यातलं एक कुसळ उपटलं. मॅडमच म्हणाल्या, "काका, त्यांच्या पंचवीस उड्या झाल्या आज. मेंबरशिप रिन्यू करायचीय. तुमचं काही म्हणणं?"

"करा की. लायसन संपलेलं घिऊन कुनी गाडी चालवू ने. मी कदी चालवली न्हाई." मागे टपरीवरच्या कपांचा आवाज येत होता. "पर पंचवीस न्हाई मॅडम. वर गेलाय तो सव्वीस येळा. मी मोजल्यात. येकदा चौघं गेल्ते वर आन छत्र्या दोनच उघडल्या. हितं बाकड्यावर बसलो, ते उठता यीना. मग इमान उतरलं, आन त्यातनं ह्यो उतरला, मान खाली घालून."

"त्या दिवशी घरी जाऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या," अण्णा म्हणाले. "मॅडम, तसला रविवार परत कदी हाय?"