नवव्या टप्प्यावरचा बाबूलाल

आईचा फोन आला तेव्हा मी नांदगाव पेठच्या आमच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी तपासत उभा होतो. शनिवार, सकाळचे साडेदहा. मशिनांच्या आवाजात आधी काही ऐकूच आलं नाही, म्हणून फोन कानाला दाबून जिन्यात आलो. "सुलो गेली रे," आई म्हणाली. "चहा घेत होती म्हणे... शेजारीण फुलं द्यायले गेली त कप हातातच." सुलोमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, अकोल्याची, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. वय बासष्ट. आता लाज सोडून खरं सांगतो, मला रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो हा, की आता माफी कोणाची मागू? दोन महिन्यांपासून आमचा अबोला होता. त्याचं कारण एक व्हिडिओ गेम. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

तिला या नादाला लावलं मीच. लग्नानंतर अमरावतीच्या दोन खोल्यांत जागा नव्हती, म्हणून माझं गेमचं यंत्र तिच्याकडे अकोल्याला नेऊन ठेवलं होतं. मावशीने लग्न केलं नव्हतं, घरात ती एकटी. एका रविवारी मी तिच्या टीव्हीवर खेळत बसलो होतो. परग्रहावरचा एक तळ, त्यावर चाल करून आलेले किड्यांसारखे प्राणी, आणि आपण एक सैनिक. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही, फक्त समोर धरलेली बंदूक दिसते, त्यामुळे जे येतं ते सरळ अंगावर येतं. मावशी भाजी निवडता निवडता पाहत होती. मी एका प्राण्याला गोळी घातली तशी म्हणाली, "काहून मारलं बे त्याले? पाय लंगडत होता त्याचा, पाहून त घे." मी हसलो. पुढच्या रविवारी गेलो तर यंत्राच्या रिमोटवरच्या प्रत्येक बटणाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: गोळी, उडी, पट्टी. पहिला भाग संपवायला तिला सव्वा वर्ष लागलं. रोज सकाळी अकरा ते बारा, त्याच्या वर एक मिनिट नाही. तेवढा वेळ दाराशी कोणी आलं तर थांबायचं, मग तो नगरसेवक का असेना.

आणि एक रजिस्टर. नर्स लोकांत पाळी बदलताना 'ओव्हर' देतात. म्हणजे कोणता पेशंट कसा आहे, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, हे जाणारीने सगळं लिहून-सांगून द्यायचं, येणारीने ऐकून घ्यायचं, आणि दोघींनी सही करायची. छत्तीस वर्षं तिने हे केलं. त्यामुळे गेम बंद करतानाही ती ओव्हर लिहायची, देणारी तीच आणि घेणारीही तीच. 'टप्पा तिसरा. गोळ्या कमी. डाव्या दरवाज्यामागं दोन जण लपून हायेत. घाबरू नये.' खाली दोन सह्या, दोन्ही तिच्या. मी चिडवायचो, की मावशी, तू आज मेली तर उद्या येणारीले सगळं समजते. ती म्हणायची, "समजलंच पाहिजे न. अन् कागद वाचून ओव्हर होत नाई संदीप. पेशंट डोळ्यानं पाहिल्याशिवाय सही करायची नसते." माझं काम पडलं तासाला इतके नग तपासण्याचं, मी असल्या गोष्टी या कानाने ऐकायचो आणि त्या कानाने सोडून द्यायचो.

मग त्या गेमचा दुसरा भाग आला. मीच नेऊन दिला, तिच्या वाढदिवसाला. पहिल्या भागात आपण एकटे होतो, दुसऱ्यात सोबत चार सैनिक असतात, ते जखमी होतात आणि हाका मारतात. ही मावशीसाठी नुसती दिवाळी. एकेकाला ओढून आडोशाला न्यायचं, पट्टी बांधायची, मग पुढे. आठ टप्पे तिने असे पार केले, एक माणूस न गमावता. आणि नवव्यावर अडली. तिथे तळाची वीज जाते, बाहेर पडायचा लोखंडी दरवाजा अकरा मिनिटांत कायमचा बंद होणार असतो, आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा एक सैनिक पाय मोडून खालच्या मजल्यावर पडलेला असतो. रेडिओवरून साहेब सारखा ओरडतो, त्याला सोडा, निघा. सोडला तर सहज निघता येतं. खांद्यावर घेतला तर पळता येत नाही, बंदूक एका हातात, नेम लागत नाही. खेळणारे बहुतेक जण त्याला सोडूनच पुढे जातात. मावशीने त्या सैनिकाचं नाव बाबूलाल ठेवलं होतं. मला वाटलं, गंमत म्हणून ठेवलं असेल.

रोज सकाळी अकरा वाजता ती बाबूलालला खांद्यावर घ्यायची, आणि रोज दरवाजा तिच्या तोंडावर बंद व्हायचा. इकडे तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणत होते, उशीर नको, बदलून टाकू. तिने एकदा तारीख पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. आई माझ्यावर तडकायची, "तूच नेऊन देल्लं ते खेळणं, आता तूच समजाव." मी समजावलं, तर मावशी म्हणाली, "एकदा याले बाहेर काढतो, मग माही छाती फाडा, नाई कोण म्हणते?" हे ती हसत म्हणाली, पण जिना चढून आली होती आणि दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला थांबत होती... मला भीती वाटत होती. माझी भीती अशी, की ती रागासारखीच बाहेर पडते.

भांडण झालं त्या रविवारी बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोल्याला पोचलो. मावशी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघाली होती. "बस, पोहे झाकून ठेवले हायेत, आलीच मी," म्हणाली. दार लागलं आणि माझ्या डोक्यात आलं ते आलं. हा टप्पा पार झाला की सुटली बाई, उद्याच तारीख घेऊ. रजिस्टर टीव्हीसमोरच उघडं होतं. मी ते बाजूला सारलं. गेम सुरू केला, घड्याळ चालू झालं. मी खालच्या मजल्याकडे गेलोच नाही. पहिल्या वळणावर तीन प्राणी, ते पाडले. मागून बाबूलालची हाक येत होती, एकदा, दोनदा, मग सारखीच. मी मधूनच दाराकडे पाहत होतो, मावशी आली तर... म्हणजे मला तेव्हाही माहीत होतं की हे चोरून चाललंय. सात मिनिटांत दरवाज्याबाहेर होतो. दरवाजा बंद झाला, हाक थांबली. पडद्यावर अक्षरं आली, खेळ जतन झाला. या गेममध्ये खेळ जतन करायला एकच जागा असते. आधीचं पुसलं जातं.

ती आली, चपला काढल्या, हात धुतले आणि रिमोट घेऊन बसली. पडद्यावर आमचं यान उडत होतं, तीन सैनिक बसलेले, चौथी जागा रिकामी.

"बाबूलाल कुठी हाय?"

"सुटली न तू आता. उद्या तारीख घे."

"ओव्हर वाचली होती का?"

"अवं मावशी, गेम हाय तो."

"मी इचारलं, वाचली होती का?"

"नाही."

तिने रजिस्टर माझ्यापुढे धरलं. आदल्या दिवशीची नोंद होती. 'बाबूलालचा पाय बांधला. मागं एक जिना हाय, तिथं प्राणी येत नाईत. उद्या त्या जिन्यानं नेतो.' मी वाचलं. मग ती बोलली, आणि आवाज जराही न चढवता बोलली. नोकरीची पहिली नऊ वर्षं ती धारणीकडे, जंगलातल्या दवाखान्यात होती, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. "जीप एकच होती. एक बाई अडली होती, तिले घेतलं. बाबूलाल झाडावरून पडला होता, कंबर मोडली होती. जीपमंदी आडवा टाकाले जागा नोती. त्याले म्हटलं, मी येतो परत. सहा तासांनं आली मी... त्याची बायको नुसती माह्याकडं पाहे. बोलली नाई काही." बाईचं काय झालं, मी विचारलं. "वाचली. पोरगीबी वाचली. म्हणून काय झालं?" मग म्हणाली, "त्या वक्ती मले इलाज नोता. अथी, या खेळात, होता. अन् तू त्याले माह्या नावानं सोडून आला."

मी काय म्हणायला हवं होतं ते आज मला तोंडपाठ आहे. तेव्हा म्हणालो, "तुह्या भल्यासाठीच केलं." आणि पिशवी उचलली. ती म्हणाली, "पोहे खाऊन जा." मी पोहे न खाता निघालो.

पुढच्या प्रत्येक रविवारी मी जायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढलं. कधी पाहुणे, कधी डोकं दुखतं. मनातून वाटायचं, मोठी ती आहे, फोन तिने करावा. मग आईकडून कळलं, तिने तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली. मी भडकलो. आता कशासाठी? गेम तर पार झाला होता. मरायचं असेल तर मरू दे, असं मी आईसमोर बोललो. हे शब्द मी बोललो आहे, ते इथे लिहून ठेवतो.

मावशी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या घरी लोक जेवत होते तेव्हा मी तिच्या खोलीत गेलो. टीव्हीवर विणलेला रुमाल, खाली यंत्र, बाजूला रजिस्टर. आमच्या भांडणाचं पान काढलं. त्याच्या दुसऱ्याच दिवशीची नोंद होती. 'टप्पा पहिला. पुन्हा सुरुवात.' मी खालीच बसलो. पानामागून पान, रोज अकरा ते बारा. टप्पा दुसरा. टप्पा चौथा. 'आज दम लागला, अर्धा तासच.' टप्पा सातवा. ज्या खेळासाठी तिने दोनदा तारीख पुढे ढकलली होती, तो मी पुसला, आणि तिसरी तारीख त्यात गेली. डॉक्टरांनी आईला सांगितलं, वेळेत केलं असतं तरी खात्री नव्हती. आई मला हे आतापर्यंत चारदा सांगून झाली. मी मान डोलावतो.

शेवटची नोंद ती गेली त्याच्या दोन दिवस आधीची, गुरुवारची. अक्षर थोडं वाकडं, पण ओळी सरळ. 'टप्पा नववा. मागच्या जिन्यानं बाबूलालले बाहेर काढलं. शुद्धीवर हाय. पट्टी रोज बदलायची. सोमवारी मी दवाखान्यात भरती होतो. तोपर्यंत ओव्हर संदीपकडे. त्याले म्हणा घाई नाई.' देणारीच्या जागी तिची सही. घेणाऱ्याची जागा कोरी होती. त्या आख्ख्या रजिस्टरमध्ये ती एकच जागा कोरी होती.

मी खिशातून पेन काढलं आणि सही करायला वाकलो. मग थांबलो. पेन रजिस्टरवर ठेवलं, रुमाल बाजूला केला, टीव्ही लावला, यंत्र सुरू केलं. बाहेर पंगत उठत होती, आई मला हाका मारत होती. यान उडत होतं. चार जागा, चारही भरलेल्या. शेवटच्या जागेवर बाबूलाल, भिंतीला टेकलेला, पाय पुढे लांब केलेला. मी जवळ गेलो तसं त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पट्टी लिहिलेलं बटण दाबून मी त्याची पट्टी बदलली. मग सही केली, खाली वेळ टाकली आणि जेवायला गेलो.