दोन वेण्यांची उपासना

बंगळूरला आलो त्या वर्षी माझी रोजची प्रार्थना सुटली. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटण्यापेक्षा रागच जास्त यायचा. वेळ आणायचा कुठून? नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, लेथवर, दुसरी पाळी. घर यशवंतपूरला, म्हणजे शहराचं एक टोक आणि दुसरं टोक, कारण माझी बायको शालिनी तिकडच्याच एका दवाखान्यात नर्स होती. तिची सकाळची पाळी. ती उजाडायच्या आत बाहेर पडायची आणि मी परतायचो तेव्हा मायलेकी झोपलेल्या असायच्या. सकाळचं सगळं माझ्याच अंगावर: पाणी भरा, स्टोव्ह पेटवा, डबा करा, आणि आमच्या पाच वर्षांच्या करुणाला उठवून शाळेत पोचवा. दुपारी खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, आमच्या अक्का, तिला घेऊन यायच्या. मी देवाला म्हणायचो, बाबा, तूच बघ, मला कुठे फट दिसते का ते सांग.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. वडिलांच्या घरी दिवेलागणीला उपासना म्हणजे उपासना. चटई टाकायची, एक गीत म्हणायचं, वचन वाचायचं आणि मग गुडघ्यांवर येऊन प्रत्येकाने आपापल्या तोंडाने, पाळीपाळीने प्रार्थना करायची. पाहुण्यालासुद्धा सुटका नाही. शेवटचं लेकरू आमेन म्हणेपर्यंत कुणी डोळे उघडत नसे आणि भाकरीही वाढली जात नसे. माझ्या डोक्यात प्रार्थना म्हणजे हीच. तशी जमत नाही तर मग नकोच, असा माझा खाक्या.

त्यातच करुणाचं बोलणं बंद झालं. गावाकडे चुरुचुरु बोलणारी पोर, इथे शाळेत तिने तोंड उघडलं नाही. एक शब्द नाही. आसपास कन्नड, इंग्रजी, तमिळ. आम्ही म्हटलं, रुळेल हळूहळू. रुळली नाही. घरी आमच्या दोघांच्या कानात कुजबुजायची, तेवढंच. पुढे एका रविवारी आमच्याकडे मराठी मंडळींची प्रार्थनासभा झाली. रिवाजाप्रमाणे पाळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली. सगळे डोळे मिटून थांबले. कुणी प्रेमाने म्हणालं, "बोल बाळा, देवबाप्पा ऐकतोय." आम्ही थांबलो, आणखी थांबलो. मी डोळे किलकिले करून पाहिलं तर लेकरू थरथरत होतं. त्या दिवसापासून प्रार्थना हा शब्द निघाला की ती खाटेखाली जाऊन बसायची, आणि माझ्याशी तर ती बोलेनाशीच झाली. शाळेतून निरोप आला: नाताळच्या सुट्टीपर्यंत मुलगी बोलली नाही तर पहिलीत घेणार नाही, दुसरीकडे बघा.

शालिनीचं मला फार नवल वाटायचं. माझ्यापेक्षा दुप्पट राबायची, पण तिच्या चेहऱ्यावरची शांती ढळत नसे. मी एकदा चिडूनच विचारलं, "तू कधी करतेस गं प्रार्थना? मला तर कधी दिसत नाहीस."

"करते की. सलाईन लावताना. शीर सापडेपर्यंत त्या माणसासाठी मागते."

"ती काय प्रार्थना झाली?"

"अहो, शीर तरी सापडते ना!" असं म्हणून हसली आणि पदर खोचून कामाला लागली. असली बाई. मी मात्र धुसफुसत राहिलो.

शाळेचा नियम होता दोन वेण्यांचा, लाल रिबिनी बांधून. आधी शालिनी निघण्यापूर्वी पोरीच्या झोपेतच तिच्या वेण्या घालून जायची. पुढे तिची पाळी आणखी लवकरची झाली आणि ते कामही माझ्याकडे आलं. लोखंड कापणारे हात माझे! पहिल्या दिवशी घातलेल्या वेण्या जिना उतरेपर्यंत सुटल्या. खाली अक्का उंबऱ्याशी रांगोळी काढत होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, मराठीत निम्मं कन्नड. "अय्यो, अण्णा, हे काय? लेकराचं डोकं की कावळ्याचं घरटं?" असं म्हणत त्यांनी रांगोळीचे हात पुसले, करुणाला पायरीवर पाठमोरं बसवलं आणि मला शिकवलं. "स्वल्प तेल लावा. ओढू नका. घाई केली की केस रुसतात." त्यांच्या देवाला नमस्कार करायचा राहिला होता, तरी मला जमेपर्यंत त्या हलल्या नाहीत. देवाने माणसं तरी काय एकेक ठेवलीत वाटेवर!

रोज सकाळी मी करुणाला पुढ्यात बसवू लागलो. पेड निसटला की माझं डोकं फिरायचं. तिच्यावर ओरडू नये म्हणून मी पुटपुटायला लागलो, "प्रभू, धीर दे. हा पेड जरा धरू दे." कुणी म्हणेल तीन पेड, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा, त्रैक्य वगैरे. छे हो, मला तसलं काही सुचलं नव्हतं. वेणी सुटू नये एवढंच माझं मागणं. पण एक मागितलं की दुसरं सुचतं. हिला बोलतं कर. शालिनीची पावलं दुखतात, तिला जप. अक्कांचं भलं कर. आज बस वेळेवर मिळू दे. डोळे उघडे, हातांना खोबरेल, स्टोव्हवर उकळणारा चहा. उपासनेची कसलीच शिस्त नाही. करुणा माझ्याकडे पाठ करून गप्प बसायची. पण खाटेखाली पळत नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

नाताळच्या सुट्टीआधी शाळेने मला भेटायला बोलावलं, ती सकाळ आली. वेणी घालता घालता मी सुरुवात केली, "प्रभू, आज..." आणि पुढे शब्दच फुटेना. गळा दाटून आला. हात तेवढे चालत होते. आणि पुढून, भिंतीकडे तोंड केलेल्या माझ्या लेकीचा बारीक आवाज आला.

"प्रभू, आईच्या पेशंटला बरं कर. पप्पांना रडू येऊ देऊ नको. आणि मिसला सांग, मला बोलता येतं. पण सगळे बघत बसतात ना, मग येत नाही. आमेन."

मी आमेन म्हणालो की नाही, आठवत नाही. हातातला पेड मात्र सुटू दिला नाही.

शाळेत गेलो आणि मिसना जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या कन्नडिग बाई, पोक्त वयाच्या. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून त्या उठल्या. व्हरांड्याच्या पायरीवर त्यांनी करुणाला बागेकडे तोंड करून बसवलं, स्वतः मागे बसल्या आणि मी घातलेली एक वेणी सोडून पुन्हा घालू लागल्या. मला हाताने खुणावलं, दूर जा. मी खांबाआड उभा राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग करुणा गाऊ लागली. कन्नड बडबडगीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातवाऱ्यांसकट! म्हणजे इतके दिवस पोर सगळं ऐकून साठवत होती. मिस लाडाने म्हणाल्या, "व्हेरी गुड, पुट्टी," आणि त्यांनी डोळे टिपले. मला त्या गीतातला एक शब्द कळला नाही, पण मी तिथेच, वाहणाऱ्या नाकाने, हात जोडून उभा होतो.

ती पहिलीत गेली. पुढे तर इतकी बोलू लागली की अक्का कानांवर हात ठेवायच्या.

हा चमत्कार होता का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी इतकंच म्हणतो, की हिला बोलतं कर म्हणून मी घसा फोडत होतो, आणि ती बोलली ती माझा घसा बंद झाल्यावर. आता मी निवृत्त आहे. वेळच वेळ आहे, गुडघे मात्र कुरकुरतात. करुणा तिच्या संसारात, आमच्यासारखीच धावपळीत. सकाळी प्रार्थनेला बसतो तेव्हा सगळं मागून झालं तरी लगेच आमेन म्हणत नाही. थोडा गप्प बसतो. माझं बोलून झालं म्हणजे प्रार्थना संपली असं थोडंच आहे? पुढचं कुणीतरी म्हणतंच.