विकायला काढलेली होडी

आमच्या संसारात मला एक सवत होती. चौदा फूट लांब, पांढरी, पोटाला निळा पट्टा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यातली बावीस तिची. दर रविवारी आमचे हे कर्वेनगरातून पानशेतच्या पाण्यावर तिला भेटायला जायचे आणि संध्याकाळी उन्हाने नाक सोलवटून, पण खुशीत, घरी यायचे. "ये की एकदा," असं ते सुरुवातीला म्हणायचे. मी सांगायचे, पेपर तपासायचेत. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे घरात तपासायचे पेपर कायम असत. निवृत्त झाल्यावरही मी तेच कारण देत राहिले आणि त्यांनी 'कुणाचे?' असं एकदाही विचारलं नाही.

खरं कारण म्हणजे मला पाण्याची भीती वाटते. साठ मुलांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या बाईने हे सांगायचं कुणाला?

गेल्या दिवाळीत, अभ्यंगस्नान करून बाहेर येताना, ह्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात नऊ रात्री काढल्या. जीव वाचला, बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. कप धरता येतो, पण शिडाची दोरी घट्ट धरता येत नाही. जानेवारीत तपासणीला गेलो तेव्हा हे बाहेर चपला घालत होते आणि मी आत डॉक्टरांना विचारलं, "होडीचं काय?" डॉक्टर म्हणाले, "बरोबर कोणीतरी असेल तर खुशाल जाऊ द्या. माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं."

मी बाहेर आले आणि ह्यांना सांगितलं, "डॉक्टर नको म्हणाले. अजिबात नको."

इतक्या सरळ चेहऱ्याने मी जन्मात खोटं बोलले नव्हते. ह्यांनी मान हलवली आणि रिक्षा बघायला लागले. त्यानंतर होडीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढू दिला नाही. एप्रिलमध्ये मीच तिचा फोटो काढून ती ऑनलाइन विकायला टाकली. खराडीतल्या कंपनीत नोकरी करणारा एक मुलगा लगेच तयार झाला. एक मे शुक्रवारी येत होता, तीन दिवसांची सुट्टी जोडून आली होती. रविवारी बघायला येतो म्हणाला.

मग शुक्रवारी सोसायटीतलं झेंडावंदन आणि अध्यक्षांचं भाषण सोसून आम्ही निघालो. गाडी हल्ली मी चालवते आणि ब्रेक हे मारतात, शेजारच्या सीटवरून. अर्धं पुणं त्याच रस्त्याला लागलेलं. धरणाकाठी होड्यांची राखण करणारा गडी आमच्या वीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने ताडपत्री काढली, होडी धुतली आणि गिऱ्हाइकाला तरंगती दिसावी म्हणून पाण्यात लोटून दिली. हे बराच वेळ तिच्या कडेवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "द्यायच्या आधी एकदाच जाऊन येतो. उद्या. हा येईल बरोबर."

नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. डॉक्टरांचं नाव पुन्हा घ्यायची हिंमत नव्हती. "बघू," म्हटलं. आणि होडी वाऱ्याने कुठे जाऊ नये म्हणून मी ती स्वतः काठच्या खुंटाला बांधली. लोणच्याच्या बरणीला दादरा आवळावा तशी, आखूड दोरीने, सात गाठी मारून.

शनिवारी दुपारी पोचलो तर होडी चिखलात एका कुशीवर कललेली आणि पाणी तिच्यापासून पंधरा पावलं लांब! मी कपाळाला हात लावला. राखणदार म्हणाला, "रातीच्याला खाली पानी सोडलंय, बाई. तुमच्या पुन्यालाच सोडलंय. पानी उतरलं की होडीला मागं सरकाया ढील लागती. तुम्ही तर तिला जनावरावानी बांधलीया."

त्या आठवड्यात नळाला दाब नाही म्हणून मी महापालिकेला तीनदा फोन केला होता, आणि तिसऱ्या फोनला बरंच सुनावलं होतं. दाब का नाही, म्हणून भांडायचं मला ठाऊक होतं. दाब येतो तेव्हा कुठलं तरी पाणी उतरतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हे नुसते हसले. "पाणी आलं ना घरी?" एवढंच म्हणाले. आलं होतं, चांगलं धो धो आलं होतं.

राखणदाराने माझ्या गाठी सोडल्या, होडी सरळ करून पाण्याच्या कडेपर्यंत ओढली, शीड चढवून दिलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने रस्त्यावरून हाक मारली. तिच्या भज्यांच्या गाडीवर सुट्टीची झुंबड उडाली होती. "आलोच," म्हणून तो गेला, आणि सुट्टीच्या गर्दीतला 'आलोच' म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हे दगडावर बसले. मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी नाही म्हणाले असते आणि विषय संपला असता. थोड्या वेळाने ते उठले, लाइफ जॅकेट घातलं, पट्टे डाव्या हाताने कसेबसे लावले आणि एकटेच होडी लोटायला लागले. डावा हात, डावा खांदा. होडी वीतभर सरकायची आणि ते धापा टाकत थांबायचे. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मला बघवेना.

मी दुसरं जॅकेट चढवलं, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात उतरले. "सरका," म्हटलं. दोघांनी मिळून रेटली. ती तरंगली तसं मी ह्यांना आधार देऊन आत बसवलं. मनात हिशेब असा, की दोन मिनिटं बसू दे, मग उतरवू. मी कमरेइतक्या पाण्यात कड धरून उभी होते. आणि नेमका वारा आला. शीड भरलं, होडीने ओढ घेतली.

"आत ये, नाहीतर सोड," हे म्हणाले.

सोडली असती तर तो माणूस एका हाताने एकटा धरणात गेला असता. आत कशी चढले ते मला आजही सांगता येणार नाही. फार शोभेल असं ते दृश्य नसावं.

सुकाणू त्यांच्या डाव्या हातात, शिडाची दोरी माझ्या. "ओढ." "किती?" "पुरे म्हणेपर्यंत." "ही काय शिकवायची पद्धत झाली?" "मग सूत्र सांगू?" असं आमचं चाललं होतं, तोच होडी एका बाजूला इतकी कलली, की पाणी माझ्या कोपराला लागलं. तेव्हा मी ह्यांना नावाने हाक मारली. जोरात, एकेरी. पस्तीस वर्षांत उखाण्याच्या बाहेर मी ते नाव घेतलं नव्हतं. ह्यांनी सुकाणू वळवलं, होडी सरळ झाली, आणि ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मला कानापर्यंत लाजल्यासारखं झालं. वयाच्या साठाव्या वर्षी!

मधोमध पोचलो आणि वारा पडला. शीड लोंबलं. काठावरची गाणी, पोरांचा कालवा सगळं लांब राहिलं. आता करायला काही नाही, वारा येईपर्यंत बसायचं, असं हे म्हणाले. मी पाण्याकडे बघितलं नाही. बघितलं तर ओरडेन असं वाटत होतं. म्हणून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसले. मांडीवर उताणा ठेवलेला, बोटं अर्धवट मिटलेली. ह्याच हाताने बावीस वर्षं ही दोरी धरली होती.

"अहो," मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणाले नव्हते."

"माहीत आहे."

"कसं?"

"मार्चच्या तपासणीला तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा त्यांनी विचारलं, काय, जाता की नाही होडीवर?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, दर रविवारी जातो. ही असते बरोबर."

मी खोटी पडू नये म्हणून हा माणूस डॉक्टरांशी खोटं बोलला होता, आणि दोन महिने माझ्यासमोर गप्प बसून, होडीचे फोटो काढताना ताडपत्रीचं टोकही धरून उभा राहिला होता.

"मला का नाही बोललात?"

त्यांनी सुकाणू उगाचच इकडून तिकडे हलवलं. "दवाखान्यात रात्री कधीही डोळे उघडले, तरी तू माझ्या छातीकडे बघत बसलेली असायचीस. हलते आहे की नाही ते. म्हटलं, हिला होडी नको असेल तर नको. हिची झोप होऊ दे."

मी रडले. त्या चौदा फुटांत तोंड लपवायला जागा नसते, म्हणून त्यांच्यासमोरच रडले. मग पाण्याची भीती सांगितली, पेपरांचंही सांगितलं. "पेपरांचं ठाऊक होतं," ते म्हणाले. "भीतीचं नव्हतं. मला वाटायचं, तुला मीच आठवड्यातून एक दिवस नको असतो."

हे असं बावीस वर्षं वाटत होतं त्यांना. त्या दिवशी मला स्वतःचा जितका राग आला, तितका महापालिकेचाही कधी आलेला नाही.

वारा साडेचारला परत आला. मी सांगतील तशी दोरी ओढली, सैल सोडली, शिव्या दिल्या नाहीत. काठावर राखणदार भज्यांचा पुडा हातात घेऊन तोंड वासून उभा होता. होडी त्यानेच बांधली, लांब दोरीने; मी ती गाठ नुसती बघून घेतली.

गाडीत बसलो आणि खराडीच्या मुलाला मी फोन लावला. हे शेजारी पाय झाडत चिखल काढत होते.

"काकू, उद्या अकरापर्यंत पोचतो."

"येऊ नका. होडी विकायची नाही."

"अरे! का पण? काय झालं?"

ह्यांचं पाय झाडणं थांबलं. मी सरळ चेहऱ्याने सांगितलं, "डॉक्टर नको म्हणाले."