तीन घरं वर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत तीस वर्षं चहा पितोय त्या तबलजी मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

ओळखणाऱ्यांचं माझ्याबद्दल मत बरं आहे. मूळचा चाकूरकडचा, घरची शेती भाऊ बघतात, मी नांदेडला शाळेत संगीत शिकवून रिटायर झालो. पेटीवाला म्हणून चार लोक नमस्कार करतात. पण खरं सांगू? कार्यक्रमात पेटीवाल्याकडे कुणी बघत नाही. गाणं रंगलं तर गाणाऱ्याचं, पडलं तरी गाणाऱ्याचंच. आयुष्यभर मला याचा राग होता. आणि एकदा मी याचाच फायदा घेतला — पण थांबा, आधी स्पर्धेचं सांगतो.

दहा-अकरा वर्षं झाली. इथल्या एका मंडळाने लोकगीतांची स्पर्धा ठेवली होती, फक्त जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या लोकांसाठी. किनवट, माहूर, तिकडचा सगळा डोंगराचा भाग. तिथल्या माणसाला नांदेडला यायचं म्हणजे अर्धा दिवस एसटीत जातो. तांड्यांवरच्या बंजारा बायका आल्या, भीमगीतं गाणारे दोघं भाऊ आले, आंध आदिवासी आले, गोंड आले. शनिवारी तालीम, रविवारी दुपारी स्पर्धा. हेतू चांगलाच होता. नियम मात्र एक भलताच केला — प्रत्येक गाणं पेटीवर झालं पाहिजे. त्याशिवाय परीक्षकांना सुराचे गुण देता येईनात म्हणे. आणि पेटी सगळ्यांना एकच, माझी.

आता मैनाबाईंबद्दल. किनवटच्या पलीकडच्या एका गुड्यातून, म्हणजे गोंडांच्या वस्तीतून आल्या होत्या, सोबत धाकटा भाऊ लच्छू, ढोल घेऊन. चाळिशीच्या असतील. बारीक अंगाच्या, पण आवाज खाली, जमिनीलगत चालणारा. गाणं गोंडीत. मला त्यातला एक शब्द कळला नाही, तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी बोटं थांबली होती. हेही मी कबूल करतो. तेवढं चांगलं गाणं मी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

तालमीत त्या गात होत्या आणि मी मागून सूर शोधत होतो. सापडेना. एकदा वर जायचा, एकदा खाली. चौथ्या वेळी त्या थांबल्या, पुढे आल्या आणि माझ्या पेटीवर बोट ठेवलं — एक काळी आणि एक पांढरी, त्या दोघींच्या फटीत.

"भाऊ, आमचा सूर हितं हाय, या दोघींच्या मधात. तुमच्या पेटीत न्हाई त्यो."

अपमान करायला म्हणाल्या नव्हत्या. लेकराला वाट दाखवावी तसं दाखवलं होतं. आणि खरंच होतं ते — त्यांचा सूर पेटीत नव्हताच. पण सगळे हसले. परीक्षक हसले, मंडळाची पोरंठोरं हसली. मग दिवसभर जो तो विचारायचा, "काय मास्तर, मधला सूर सापडला का?" जेवताना सुद्धा. मीही हसत होतो. आतून मात्र जळत होतो.

एखाद्या नामवंत बुवांनी तेच म्हटलं असतं तर? मी वाकून नमस्कार केला असता, आणि पुढे दहा जणांना कौतुकाने सांगितलं असतं. मग इथे काय बोचलं? ती बाई होती. गोंड होती. सही मागितली तर अंगठा पुढे करणारी होती. आणि मी विशारद. हे सांगताना लाज वाटते, पण त्या दिवशी लाज वाटली नव्हती. मला वाटलं होतं, हिला दाखवलं पाहिजे.

माझी पेटी स्केल चेंजर आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — तिच्या पट्ट्यांची अख्खी फळी जरा उचलून बाजूला सरकवता येते. सरकवली की बोटं त्याच जागी राहतात, पण सगळा सूर चढतो किंवा उतरतो. जितकी घरं सरकवाल तितका. बघणाऱ्याला काही कळत नाही. गाणाऱ्याची सोय व्हावी म्हणून केलेली युक्ती आहे ती.

स्पर्धेत क्रम उलटा होता. आधी पेटीने सूर द्यायचा, मग गळ्याने तो धरायचा. मैनाबाई स्टेजवर आल्या, माझ्याकडे बघून मान हलवली. लच्छू ढोल आवळत होता. लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात मी फळी उचलली आणि सरकवली. तीन घरं वर.

चुकून नाही. घाईत नाही. मोजून तीन.

त्यांनी दिला तो सूर धरला. घरच्या गाण्याला कुठे माहीत असतं आपण कितव्या घरात आहोत ते? माणूस कानावर पडेल तो सूर घेऊन चालायला लागतो. पहिल्या दोन ओळी निभल्या. मग गाणं वर चढलं आणि त्यांचा आवाज फाटला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा तोच सूर दिला. हे लक्षात घ्या — दुसऱ्यांदा मला संधी होती. फळी खाली घ्यायला एक क्षण पुरला असता. मी घेतली नाही. दुसऱ्यांदा तर आवाज उमटेचना, नुसती हवा आली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मैनाबाई पदर तोंडाला लावून खाली उतरल्या.

नंतर त्या हॉलच्या मागे मला शोधत आल्या. मला वाटलं, कळलं हिला. त्यांनी हात जोडले.

"तुमी बराबर वाजीवलं भाऊ. माझाच गळा गेला."

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." आणि चहाकडे वळलो.

इथवरचं पाप लहान म्हणता आलं असतं. मी तसंच म्हणत होतो — एक स्पर्धा गेली, त्यात काय एवढं? दोन-तीन वर्षांत तर विसरूनही गेलो. खोटं नाही बोलत, खरंच विसरलो होतो.

गेल्या साली नांदेडच्या बसस्टँडवर एका माणसाने मला हाक मारली. लच्छू. केस पिकलेले, पण मी ओळखलं. बाकड्यावर बसलो. मैनाबाई गेल्या होत्या, महिना झाला होता. मग त्याने जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. ते गाणं त्यांच्या गुड्यात कुणी गेलं की दारात बसून म्हणायचं. गेलेल्याला वाटेला लावायचं गाणं. ते गावाबाहेर नेऊ नको, म्हातारे बजावून सांगत होते. मैनाबाई म्हणाल्या होत्या, लोकांनी ऐकलं तर काय बिघडतंय? आणि नेलं. भर सभेत गळा गेला तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला, त्यांनी स्वतः सुद्धा — गाणं कोपलं. त्यानंतर त्यांनी गायला तोंड उघडलं नाही. गुड्यात माणसं गेली, दारात कुणी गायलं नाही. त्या स्वतः गेल्या तेव्हाही नाही.

त्यांच्या मुलीला गाणं येतं. आईजवळ झोपून लहानपणीच शिकली होती. आईच्या दारात म्हणते म्हणाली, पण म्हाताऱ्यांनी अडवलं. आता ती मामाच्या मागे लागली होती — गाणं कोपत नसतं, आईचा गळाच बसला असंल, मला म्हणू दे. लच्छूचं मन तिच्या बाजूला झुकत होतं. पण भीती होती. अन् तेवढ्यात बसस्टँडवर मी दिसलो.

"मास्तर, तुमी तर शेजारी बसून होता," तो म्हणाला. "तुमाला समजतं गळ्याचं. खरं सांगा. नुसता गळा बसला होता, का दुसरं काही होतं? मी लई दिवसापासून इचार करून राहिलो."

किती सोपं होतं हो. चार शब्द. गाणं कोपलं नव्हतं, मी पेटी सरकवली होती. त्याने शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, स्टँडवरचे लोक जमले असते. आणि एका मुलीने आईचं गाणं म्हटलं असतं.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. विचार केला — हे विशेष सांगतो, मी विचार केला. गळा बसला होता, असं खोटं बोलूनही भागलं असतं. पण मग तो विचारणार, आदल्या दिवशी तालमीत चांगला होता तो एकाएकी कसा बसला? आणि धागा माझ्यापर्यंत येणार. म्हणून मी म्हणालो, "नुसता गळा नव्हता बाबा. मलाही तेव्हा अंगावर काटा आला होता."

लच्छूने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग मान हलवली.

"हाव. मलाबी तेच वाटत होतं. पोरीला सांगतो तसं."

किनवटची गाडी लागली. त्याने माझ्या पायाला हात लावला आणि गाडीत चढला.

त्याला वर्ष झालं. गाडी रोज जाते. गुड्याचं नाव मला ठाऊक आहे, स्टँड घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मी गेलेलो नाही.