क्रेओल हरवलेला माणूस

"ली सू," सिस्टर तेरेझ म्हणाली. म्हणजे, हा प्यायलाय. पलंगावरच्या माणसाकडे नीट न बघताच ती पुढे गेली.

पलंगावर धोंडूकाका होते. आमच्या बेटावरच्या सांत्र द फ्लाक गावाजवळच्या मळ्यात उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने लॉरीवर चढायचं, हे त्यांचं काम. त्या सकाळी पाय घसरला आणि डावं कानशील लॉरीच्या कडेवर आपटलं. थोडा वेळ शुद्ध गेली, मग उठून बसले. मळ्याच्या मुकादमाने त्यांना हॉस्पिटलात पाठवताना 'दारू' एवढाच निरोप दिला. मजूर पडला की दारू, साहेब पडला की ऊन. बेटावर हे निदान डॉक्टरांच्या आधी तयार असायचं.

मी तेव्हा मुंबईत डॉक्टरी शिकत होते. सुट्टीवर आले होते आणि सर्जनसाहेबांच्या परवानगीने वॉर्डात मदत करत होते. सकाळी काकांची जखम मीच धुतली. माझे हात बर्फासारखे आहेत म्हणून त्यांनी मला क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत, झापलं. तोंडाला वास नव्हता.

दुपारी वॉर्ड पाण्यावर तरंगत असल्यासारखा वाटायचा. पांढरे पडदे फुगायचे, बाहेर उसाचे रुपेरी तुरे झुकायचे. त्या उजेडात काका डोळे मिटून हळू बोलत होते. नदीवर पाणी प्यायला गेलेला पांढरा बैल परत येत नाहीये, असं काहीतरी. सिस्टरला ते बरळणं वाटलं. मला प्रत्येक शब्द कळत होता. ती आमची जुनी मराठी होती, उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या पूर्वजांनी बेटावर आणलेली.

त्यांची बायको, पारूमावशी, बसने आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"ह्ये असं कुनासारखं बोलत्यात, बाय?"

"म्हणजे?"

"माजी सासू बोलायची असं. ह्येंच्या तोंडात आर्दं क्रेओल असतंय. बैलाला क्रेओल, मला क्रेओल. मराटी फकस्त देवाला."

आमच्याकडे सगळ्यांचं तसंच. एका वाक्यात दोन भाषा, मधे दार नाही. काकांच्या बोलण्यात एकही क्रेओल शब्द नव्हता. मी त्यांना क्रेओलमध्ये म्हटलं, हात वर करा. काही नाही. मराठीत म्हटलं. त्यांनी डावा हात उचलला.

मी साहेबांच्या खोलीकडे धावले.

"सर, सकाळी ते क्रेओल बोलत होते. आता त्यांना ती कळतही नाही."

"खात्री आहे?"

"सकाळी मला त्याच भाषेत झापलंय."

"डोळ्यांच्या बाहुल्या?"

"सारख्या आहेत."

"मग दारू उतरू दे."

"सर, मळ्याचा मॅनेजर घोड्यावरून पडला असता आणि फ्रेंच विसरला असता, तर आपण वाट पाहिली असती का?"

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, माझी सुट्टी इथेच संपली. ते उठले, वॉर्डात आले आणि काकांचे दोन्ही हात समोर धरायला लावले. उजवा हळूहळू खाली आला.

"थिएटर तयार करा," ते म्हणाले. "बेटावर न्यूरोसर्जन नाही. मी आहे आणि एक गिरमिट आहे."

कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं, तेव्हा माणूस आधी शहाण्यासारखा बोलतो आणि मग गुंगत जातो. रक्त वेळेत काढलं तर घरी जातो. साहेबांनी कानाच्या वर भोक पाडलं आणि काळ्या गाठी बाहेर आल्या. मग मी ते आवरण पाहिलं, निळसर, ओलं. आतून काहीतरी सावकाश श्वास घेत होतं. ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या बांधाआतलं समुद्राचं पाणी असंच हलतं. या पातळ पडद्यामागे नदी होती, बैल होता, काकांची आई होती. मला तिथून हलावंसं वाटेना.

काही दिवसांनी काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि क्रेओलमध्ये म्हणाले, हात अजून थंडच आहेत तुझे. पारूमावशी तोंडाला पदर लावून हसली आणि मग रडली.

"क्रेओलच आधी का गेली, सर?" मी साहेबांना विचारलं.

"माहीत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तूच शोध."

तोच शोध आता माझं काम आहे. मेंदूची शस्त्रक्रिया शिकते आणि भाषा हरवून परत मिळालेल्यांची टिपणं ठेवते. उत्तर अजून मिळालेलं नाही. पण डोक्याला मार लागलेला मजूर आला की दारूचं मी नंतर विचारते. आधी घरच्यांना विचारते, हा बैलाशी कोणत्या भाषेत बोलतो?