चार टाके आन् माझा पाय

बाहत्तरच्या दुष्काळानं मला आटपाडीतनं उठवून सांगलीच्या एका कारखान्यात आणून टाकलं. शाळेचा आन् माझा संबंध एवढाच, की तिच्या पडवीत मी शेरडं बांधायचो. तरी मला स्पॉट वेल्डिंगच्या मशिनवर उभा केला. पत्र्याच्या कपाटाच्या दारावर पट्टी ठिवायची, पायडल दाबायचं. वरनं तांब्याची चार टोकं खाली यायची आन् वीज एकदम चार टाके मारायची. गाढवालाबी जमलं आसतं, म्हनून तर मला दिलं.

पर टाके सारखे पडंनात. ट्रान्सफार्मरजवळचा पयला टाका पत्र्याला भोक पाडायचा, लांबचा चौथा नखानं निघायचा. मी शान्यानं काय केलं? चौथ्याला कमी पडतंय म्हनून समदीच वीज वाढवली. चौथा चिकटला, पर पयल्यापाशी बोट जाईल एवढं भोक. एका पाळीत दारांची पार चाळण केली.

दुसऱ्या दिवशी सायबानं कागदच लिहून आनला. चूक माझी, मी पायडल नीट मारत न्हाई, उद्यापासनं घरी.

"दे अंगठा."

"न्हाई देनार."

"मशीन बरोबर आहे. मी स्वतः तपासलंय."

"सायब, रोज धा चुका करतो मी. पर ही माझी न्हाई."

आमचा फिटर साताऱ्याकडचा, मिल्ट्रीतनं आल्याला म्हातारा. कानाशी येऊन म्हनला, "गड्या, पाया पड. ठिवून घेत्याल."

"आवं, माझ्या पायावर आळ आलाय, आन् मी त्येंच्या पाया पडू?"

रानात पानी पाजल्यालं मला ठावं व्हतं. पाटाच्या तोंडचा वाफा बुडतो, शेवटचा सुकतो. हितं पयल्या टोकाची वायर हातभर, चौथ्याची चार हात. "चारी वायरी सारख्या लांबीच्या करा," म्हनलं. "मग टाके सारखे न्हाई पडलं, तर दोन्ही अंगठे देतो."

दोन अंगठ्यांच्या बोलीवर सायब कबूल झाला, तसं फिटरनं पयल्या टोकाला चार हाती वायर जोडली. जास्तीची लोंबायला लागली. मला भलत्या वक्ताला नीटनेटकेपना सुचला. चुंबळीगत येढं घालत ती लोखंडी खांबाभवती गुंडाळून आवळली. समदी पाळी बघाय गोळा झाल्याली. पायडल मारलं. पयला टाका पडलाच न्हाई.

लोकं हसून गडाबडा लोळायची बाकी. सायबानं शाईचा डबा म्होरं केला.

मी हटलो न्हाई. "सायब, काल हितं भोक पडत व्हतं, आता चिकटतबी न्हाई. पाय त्योच हाय, धुतलाबी न्हाई. मग बदललं काय? वायर!"

हसनं थांबलं. फिटर म्हनला, "सायब, खरं हाय त्येचं. लोखंडाभवती येढं घातलं की वीज अडती." त्यानं गुंडाळी सोडून वायर पसरली, मधल्या दोन्ही टोकांनाबी तेवढ्याच लांबीच्या जोडल्या. आता पयला टाका चौथ्याच्या वाटची वीज खात न्हवता, म्हनून मी वीज पयल्यावानी कमी केली, पायडल मारलं. मग छिन्नी घालून टाके उपटाय बघितलं. पत्रा फाटला, टाका एकबी सुटला न्हाई.

सायब कागद खिशात घालाय लागला. मी आडवा झालो. "तसं न्हाई. खाली लिवा, चूक वायरीची व्हती. आन् समद्यांम्होरं वाचून दावा."

सायब लालबुंद झाला, पर लिवलं, वाचलं.

"परत वाचा," म्हनलं.

लोकांना वाटलं, काय छाती हाय गड्याची! खरं सांगू? पयल्या येळंला मला काय कळलंच न्हवतं. सायबाचं मराठी लय अवघड.