आमच्या सुरुंगाची भेग

"तू वरच थांब," बागायतदार म्हणाले. "शंकऱ्या वडाराची ना तू? विहीर पुजलीय आमी. वडार खोदाईपुरता आत. आता न्हाई."

माजलगावजवळचा उसाचा मळा. जुन्या भूकंपाच्या खुणा शोधायला आम्ही विद्यापीठातून आलो होतो. प्रबंध माझा. विहीर माझ्या बापानं खोदलेली. माझे मार्गदर्शक सर सोबत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"वाद नको. टेप धर वरून."

सोबतचा विद्यार्थी उतरला. मी काठावर टेपचं टोक धरून उभी राहिले. राग यायला पाहिजे होता. आला नाही. चार वर्षं अशीच वरून टेप धरत आलेय, राग तरी किती पुरणार?

त्याला खडकात वरपासून खालपर्यंत एक भेग सापडली. सर हरखले. भूकंपाचीच, म्हणाले. फोटो माझ्याकडे आले, चित्र काढायला. मी काढलंही, निमूटपणे.

घरी बापाला मोबाइलवर फोटो दाखवला. त्यानं चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं.

"ही आपल्या सुरुंगाची हाय बाई. बार लई भरला व्हता म्या. जिमिनीनं न्हाई, म्या फोडलंय."

भेगेला लागून खडकात अर्धी नळी कोरल्यासारखी दिसत होती. सुरुंगाचं भोक. आणि लाल मातीचा पट्टा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर. जमीन सरकली असती तर पट्टाही वरखाली झाला असता. हे मी पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. तरी सर म्हणाले म्हणून मान डोलावली. त्या दिवशी बापापुढे मला माझीच लाज वाटली.

सरांना जाऊन सांगितलं.

"आता वडारांना विचारून भूकंप ठरवायचे का?"

तो विद्यार्थी हसला. मीही हसणार होते. सवयच ती, अपमान झाला की आधी आपणच हसून घ्यायचं. या वेळी हसू आलं नाही.

"हो," मी म्हणाले. "ज्यानं खोदलं त्याला विचारायचं."

"मग तुझा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

"नका पाठवू."

बाहेर येऊन पायरीवर बसले. चार वर्षं पाण्यात गेली असं वाटलं, आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

भेगेचं ते चित्र मी फाडलं. नव्या पानावर लिहिलं: ही भेग सुरुंगाची. माहिती देणारा, शंकर. धंदा, विहीर खोदणे. शंकऱ्या नाही.

सोमवारी बापाला घेऊन, भेग स्वतः मोजायला त्या मळ्यात जाणार आहे. बागायतदार अडवतील. अडवू देत. आतल्या पायऱ्या माझ्या बापानं पहारीनं कोरल्यात. मी त्यांवरूनच खाली उतरणार. वर टेप ज्याला धरायची त्यानं धरावी.